अम्मा, नागीण आणि एक 'ऐच्छिक' लस

दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमधली गोष्ट. धारवाडला मुंजीला निघालो होतो. कुळ्याहून घाट चढून गाडी लोंढ्याला थांबली आणि मावसबहिणीचा फोन आला. "दादा, मुंज पुढे ढकलली. बटूच्या अंगावर फोड आलेत. तू निघालास काय?" मी निघालोच होतो. अर्ध्याहून जास्त वाट सरली होती. शिवाय लहानपणी कांजिण्या येऊन गेलेल्या, त्यामुळे मला कसली भीती नव्हती. म्हटले, आलो तसा येतो, पोराला बघून परततो.

माळमड्डीतल्या घराच्या दाराला आंब्याचे तोरण बांधायचे होते, तिथे कडुलिंबाचे डहाळे लटकत होते. आत फोडणी बंद. मुलाची खोली वेगळी केलेली, अंगाखाली पांढरे सुती धोतर, उशाशी पुन्हा कडुलिंब. ताकभात, दहीभात, दुसरे काही नाही. मुंजीसाठी आणलेले डबे कोपऱ्यात तसेच पडलेले. बहिणीच्या सासूबाई मला हलक्या आवाजात म्हणाल्या, "अम्मा आलीय. मोठ्यानं बोलू नका." कर्नाटकात देवी म्हणा, गोवर म्हणा की कांजिण्या म्हणा, घरात 'अम्मा' येते. द्यामव्वा आणि दुर्गव्वा गावोगावी आहेत, खाली शिरशीला मारिकांबा आहे. तिची जत्रा दर दोन वर्षांनी भरते ती नेमकी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, म्हणजे फोडांचे आजार डोके वर काढतात त्याच दिवसांत.

आम्हा गोवेकरांना यात नवे काही नाही. हुबळी-धारवाड आपल्याला परका मुलूख कधीच नव्हता. पोर्तुगीज अमदानीत शिकायला घाट चढून गेलेले, पुढे तिथेच नोकरीला लागलेले, मुली दिलेले आणि मुली केलेले असे आपल्यात पुष्कळ. आणि मराठी भाषेनेही देवीला कधी घराबाहेर काढले नाही. लस टोचायला आपण काय म्हणायचो? 'देवी काढणे'. माझ्या आईच्या दंडावर ते गोल व्रण अजून आहेत. 'देवी काढल्यात का?' असे शाळेत विचारायचे, आणि देवी काढणाऱ्यालाही त्यात देवीचा अपमान वाटत नसे आणि काढून घेणाऱ्यालाही नाही. देवीचा शेवटचा रुग्ण भारतात १९७५ साली सापडला, १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले. देवी गेली, शब्द राहिला.

म्हणून सासूबाईंच्या कडुलिंबाला हसण्याचे पाप मी तरी करणार नाही. उलट त्या दिवशी त्या घरात सगळ्यात शहाणपणाचे वाक्य त्यांनीच उच्चारले होते. मुलाच्या छातीवर पहिली पुटकुळी दिसताच त्या सुनेला म्हणाल्या होत्या, "धाकटीला आत्ताच्या आत्ता हुबळीला पाठव."

धाकटी म्हणजे माझ्या बहिणीची जाऊ. राहायला हुबळीत, विद्यानगरात. पोटुशी, सातवा महिना सरत आलेला. भिक्षावळीचे लाडू वळायला म्हणून दोन दिवस आधी आली होती. त्या दोन दिवसांत पोरगे थोडे कुरकुरत होते, अंग कोमट लागत होते, पण अंगावर एक फोड नव्हता. काकूच्या मांडीवर डोके ठेवून ते टीव्ही बघत पडले होते.

कांजिण्यांची खोड अशी की फोड दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच मूल दुसऱ्याला आजार देऊ लागते. फोड आल्यावर दाराला कडुलिंब बांधून, पाहुणे थांबवून, वेगळी खोली करून पिढ्यान् पिढ्या आपण जे विलगीकरण पाळत आलो ते बरोबरच आहे. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत ते पाळायलाच हवे. फक्त ते सुरू होते तेव्हा दोन दिवस उलटून गेलेले असतात. घरात ज्यांना आधी कांजिण्या झालेल्या नाहीत अशा दहांपैकी सुमारे नऊ जणांना त्या लागतात. सासूबाईंचे वाक्य बरोबर होते, वेळ चुकली होती, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता.

धाकटीला कांजिण्या कधी झाल्या होत्या का, हे तिच्या आईला आठवेना. रक्त तपासले, तर प्रतिकारशक्ती नाही असे निघाले. मग सुरू झाले दिवस मोजणे. संसर्गापासून दहा ते एकवीस दिवसांत आजार उठतो. पंधराव्या दिवशी तिला ताप आला आणि फोड उठले. तीन दिवसांनी धाप लागू लागली. मोठ्या माणसांत, त्यातही गरोदर बाईत, कांजिण्या फुप्फुसात उतरतात त्या अशा. नऊ दिवस ती हुबळीच्या एका इस्पितळात होती, त्यातले काही ऑक्सिजनवर. त्या नऊ दिवसांत माझ्या बहिणीने मला जे फोन केले त्यांतले बोलणे मी इथे लिहीत नाही. शेवटी सगळे निभावले. जूनमध्ये मुलगी झाली, धडधाकट.

आता खरी गोष्ट सांगतो. तिच्यासाठीच हा लेख लिहायला बसलो आहे.

हा बटू दीड वर्षाचा होता तेव्हा बहिणीने मला गोव्यात फोन केला होता. "दादा, डॉक्टरनी कांजिण्यांची लस सांगितलीय. दोन डोस, एकेकाला दोन हजाराच्या आसपास. ऐच्छिक आहे म्हणाले, हवी तर द्या. तू सरकारी खात्यात आहेस, तुला ठाऊक असेल. देऊ काय?" आणि मी, वीस वर्षे सरकारी कागदांत बुडालेला माणूस, अगदी अधिकारवाणीने म्हणालो होतो, "अगं, सरकारी यादीत नाही ना ती? मग एवढी गरज नसणार. गरज असती तर सरकारने फुकट दिली असती. आणि कांजिण्या काय, आपल्या सगळ्यांनाच होऊन गेल्या. काय झालं आपल्याला?"

तिने लस दिली नाही. माझ्या सांगण्यावरूनच असे नाही. सासूबाई म्हणाल्या होत्या, अम्मा एकदा येऊन गेलेली बरी, अंगातली उष्णता बाहेर पडते. नवरा म्हणाला होता, पुढच्या महिन्यात बघू. पण त्या सगळ्यांत 'माहितगार' म्हणून जो मानला गेला तो मी. आणि माझे वाक्य तिन्ही अंगांनी चुकीचे होते.

पहिली चूक यादीची. यादी कशी बनते हे आम्हा कारकुनांहून चांगले कोणाला ठाऊक असणार? कामाची यादी करताना जे गळते ते निरुपयोगी म्हणून गळत नाही. आधी काय करायचे हे ठरते, पैसा तिथे संपतो, उरलेले पुढच्या वर्षावर जाते. लशींचेही तसेच आहे. आपला सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ साली सुरू झाला. जुलाबाच्या रोटाव्हायरसची लस खाजगी दवाखान्यांत वर्षानुवर्षे पैसे मोजणाऱ्यांना मिळत होती, सरकारी कार्यक्रमात ती २०१६ पासून येऊ लागली. न्यूमोनियाची न्यूमोकोकल लस २०१७ मध्ये मोजक्या राज्यांत आणि २०२१ मध्ये देशभर आली. तोपर्यंत ती 'ऐच्छिक'च होती. यादीत नव्हती तेव्हा तिची गरज नव्हती असे कोण म्हणेल? ज्या आजारात बाळे जास्त मरतात त्याची लस आधी, हा सरकारचा हिशेब मला पटतो. कांजिण्यांनी मरणारी मुले न्यूमोनियाने मरणाऱ्यांच्या मानाने फार थोडी. म्हणून कांजिण्यांची लस आजही त्या यादीत नाही. पण रांगेत मागे असणे म्हणजे अनावश्यक असणे नव्हे. आपल्या देशातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना गेली कित्येक वर्षे या लशीची शिफारस करते आहे. पंधरा महिन्यांच्या सुमारास पहिला डोस आणि पुढे दुसरा.

'ऐच्छिक' या शब्दाचेही असेच. आमच्या कार्यालयात एखाद्या परिपत्रकावर 'ऐच्छिक' असे लिहून आले की ते त्याच दिवशी मेले असे समजावे. मुलांच्या डॉक्टरने म्हटलेले 'ऐच्छिक, हवी तर द्या' हे आईबापांच्या कानाला 'नको दिली तरी चालेल' असेच ऐकू येते. यात जपानची गोष्ट मोठी बोलकी आहे. ही लस बनवली ती मिचियाकी ताकाहाशी या जपानी डॉक्टरने. १९६४ साली ते अमेरिकेत ह्यूस्टनला काम करत असताना त्यांच्या तीन वर्षांच्या मुलाला कांजिण्या झाल्या. ताप आणि फोडांनी त्याचे फार हाल झाले, श्वासही नीट घेता येईना. मूल वाचले, पण बापाच्या मनातून ते गेले नाही. दहा वर्षांनी, १९७४ मध्ये, त्यांनी लस तयार केली. ओका आडनावाच्या एका मुलाच्या फोडांतून घेतलेला विषाणू दुबळा करून ती बनवली, म्हणून आजही जगभर तिचा वाण 'ओका' नावानेच ओळखला जातो. अमेरिकेने १९९५ साली ही लस आपल्या मुलांच्या नेहमीच्या लसीकरणात घेतली. आणि खुद्द जपानने? २०१४ च्या ऑक्टोबरपर्यंत ती तिथे ऐच्छिकच होती! तोवर निम्म्याहून कमी मुलांना ती मिळायची आणि दरवर्षी कांजिण्यांची साथ यायची. नियमित झाल्यावर आजार झपाट्याने खाली आला. शिकलेला, श्रीमंत, शिस्तीचा देश, आणि लस त्यांच्याच घरची. तिथेही 'ऐच्छिक' या एका शब्दाने इतकी वर्षे खाल्ली. मग माझ्या बहिणीला काय म्हणून बोल लावायचा?

दुसरी चूक, 'आपल्याला काय झालं?' ही. आपल्याला काही झाले नाही, कारण ज्यांना काही झाले ते हे वाक्य बोलायला उरलेले नसतात किंवा बोलत नाहीत. आपल्या आजोबा-पणजोबांची पिढी असे बोलत नसे. धारवाडच्या साधनकेरीत द. रा. बेंद्रे राहायचे. घरात मराठी बोलणारा हा कन्नडचा महाकवी. त्यांची कितीतरी मुले लहानपणीच गेली, आणि मूल गेल्यावर बायकोच्या नजरेला नजर देता येत नाही असा बाप त्यांच्या कवितेत आहे. त्या काळी पाच मुले झाली तर पाचही हाती लागतील असे कोणी गृहीत धरत नसे. आपण धरतो. धरू शकतो, कारण मधल्या काळात लशी आल्या. आणि तीच निर्धास्ती आपल्याला लस टाळायला लावते.

निरोगी मुलाला कांजिण्या बहुतेक वेळा सौम्यच जातात, हे खरेच आहे. आठवडाभर शाळा बुडते, चार व्रण राहतात. पण 'बहुतेक' म्हणजे 'सगळ्या' नव्हे. लस येण्यापूर्वी एकट्या अमेरिकेत वर्षाला सुमारे ४० लाख लोकांना कांजिण्या व्हायच्या. त्यातल्या दहा हजारांहून अधिकांना इस्पितळात ठेवावे लागे आणि शंभर ते दीडशे दगावत. चाळीस लाखांत शंभर-दीडशे म्हणजे काहीच नाही असे वाटते. ज्याच्या घरातला तो एक, त्याला तसे वाटत नाही.

त्यात आपल्या उष्ण प्रदेशाची आणखी एक गोम आहे. थंड देशांत कांजिण्या बहुतेक सगळ्यांना बालपणीच होऊन जायच्या. आपल्याकडे मात्र त्यांतून सुटून मोठे झालेले लोक तुलनेने अधिक असतात. पंचविशीत, तिशीत आजार होतो, आणि मोठेपणी तो कडक जातो. 'सगळ्यांनाच लहानपणी होऊन गेल्या' हे गृहीतच आपल्याकडे पुरते खरे नाही. धाकटी त्याचेच उदाहरण.

तिसरी चूक सगळ्यात मोठी. बहिणीने विचारले, 'देऊ काय?', आणि मी फक्त तिच्या मुलाचा विचार केला. तिनेही तेवढाच केला. डॉक्टरनेही तेवढाच केला असावा. आईबाप लशीचा निर्णय घेतात तेव्हा त्यांच्यासमोर एकच मूल असते. पैसे त्याच्यासाठी, सुई त्याला, ताप त्याला. पण कांजिण्यांचा खरा भुर्दंड ज्यांना बसतो ती माणसे त्या क्षणी खोलीत नसतात. गरोदर बाई, कालच जन्मलेले बाळ, कर्करोगाचे औषध चालू असलेला शेजारी. गरोदरपणाच्या पहिल्या वीस आठवड्यांत कांजिण्या झाल्या तर, क्वचित का होईना, गर्भात व्यंग निर्माण होते. बाळंतपणाच्या आधी पाच दिवस ते नंतर दोन दिवस या काळात आईच्या अंगावर फोड उठले तर बाळाला आजार फार भयंकर होऊ शकतो. यातल्या कोणालाही त्या वेळी लस देता येत नाही, कारण ती जिवंत विषाणूची लस आहे. त्यांना वाचवायचे तर भोवतालच्या मुलांना ती दिलेली असावी लागते.

'दुसऱ्याच्या पोटातल्या बाळासाठी मी माझ्या मुलाला का टोचू?' असा प्रश्न कोणी विचारील. पण हा प्रश्न आपण एकदा सोडवून बसलो आहोत. २०१७ चा फेब्रुवारी आठवतो? गोवर-रुबेलाच्या लशीची मोहीम देशात ज्या पाच ठिकाणी पहिल्यांदा सुरू झाली त्यांत गोवाही होता आणि कर्नाटकही. नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाची सगळी मुले. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर अफवांचे पीक आले होते, पालक शाळेत जाऊन भांडत होते. त्या लशीतला रुबेलाचा भाग कशासाठी होता? रुबेला मुलांना होतो तो कांजिण्यांहूनही सौम्य. दोन दिवसांचा ताप आणि थोडे पुरळ. ती लस प्रामुख्याने द्यायची ती पुढे कोणा गरोदर बाईला रुबेला होऊन बाळ आंधळे, बहिरे किंवा हृदयाला भोक घेऊन जन्मू नये म्हणून. म्हणजे दुसऱ्याच्या पोटासाठी आपल्या पोराच्या दंडात सुई, हे तत्त्व आपण, गोव्यातही आणि धारवाडातही, एकाच महिन्यात मान्य केले होते. कांजिण्यांपाशी येऊन मात्र आपण ते विसरतो, कारण तिथे सुई फुकट नाही आणि दारात आरोग्यसेविका उभी नाही.

पैशाबद्दल बोलायलाच हवे. एकेका डोसचे दोन हजार धरले तर दोन डोस, दोन मुले, आठ हजार झाले. माझ्यासारख्या पगारदाराला ते कसेबसे परवडतील. अमरगोळच्या बाजार समितीत पोती वाहणाऱ्याला, किंवा आपल्या गोव्यातच बांधकामावर आलेल्या त्याच भागातल्या मजूर कुटुंबाला, ते परवडणार नाहीत. त्याने लस दिली नाही तर त्याला अडाणी म्हणायचा अधिकार कोणालाही नाही. त्याच्यापुढे निर्णय नसतोच, फक्त किंमत असते.

आणि इथे एक अवघड गोष्ट आहे. काही थोड्याच मुलांना लस मिळाली तर विषाणूचे फिरणे मंदावते, पण थांबत नाही. मग ज्यांना लस मिळाली नाही त्यांची लहानपणी गाठ पडायची ती मोठेपणी पडण्याचा धोका असतो, आणि मोठेपणी आजार कडक. म्हणूनच २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले की, ही लस नेहमीच्या कार्यक्रमात आणायची तर निदान ८० टक्के मुलांपर्यंत सातत्याने पोहोचण्याची तयारी हवी. अर्धवट काम नको. याचा उलटा अर्थ काढून 'मग मी पण देत नाही' असे म्हणणे हा आळशीपणा झाला. सरळ अर्थ असा की हा प्रश्न एकेकट्या आईबापावर सोडून भागणारा नाही. सोसायटीतल्या मुलांना लस आणि झोपडपट्टीतल्या मुलांना नाही, असे चालू राहिले तर श्रीमंतांनी वाचवलेला आजार गरिबाच्या तरुण सुनेच्या दारात जाऊन उभा राहण्याची भीती आहे. म्हणून ज्यांना परवडते त्यांनी द्यावी, आणि देऊन गप्प बसू नये. ती यादीत यावी म्हणून आवाजही करावा.

लशीवरच्या संशयाचे काय? करोनानंतर तो वाढला आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. २०२५ च्या जुलैमध्ये कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यात हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंवरून करोनाच्या लशीवर बोट ठेवले गेले, तेही अगदी वरच्या पातळीवरून. केंद्रीय आरोग्य खात्याने अभ्यासांचा हवाला देऊन तसा संबंध नसल्याचे सांगितले, पण संशय एकदा बाहेर पडला की तो कोणत्या लशीवरचा हे कोणी बघत नाही. कांजिण्यांची लस काल आलेली नाही. पन्नास वर्षांपूर्वी बनली, तीस वर्षे कोट्यवधी मुलांना दिली गेली. दंड दुखतो, ताप येतो, कधी चार पुटकुळ्या येतात. 'लस देऊनही कांजिण्या येतातच' असे म्हणतात, तेही काही अंशी खरे. एका डोसाने शंभरातल्या ऐंशीएक मुलांना त्या होत नाहीत, दोन डोसांनी नव्वदहून अधिकांना. ज्यांना होतात त्यांना बहुधा पन्नासाहून कमी फोड, ताप थोडा, जिवाला घोर नाही. छत्री घेऊनही पाय भिजतात, म्हणून कोणी पावसात उघडा जात नाही.

आणखी एक शंका शहाण्या लोकांची असते, नागिणीची. कांजिण्या बऱ्या होतात, पण विषाणू जात नाही. तो मज्जातंतूंत मुक्काम ठोकतो आणि उतारवयात, अंगातली ताकद कमी झाली की, कमरेला वा छातीला पट्ट्यासारखा उठतो. तीच आपली नागीण. तिचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस मरतो, असे आपल्याकडे म्हणतात. मरत नाही, पण पुढे महिनोन् महिने आग होते ती भोगणाऱ्यालाच ठाऊक. बालपणीची अम्मा आणि म्हातारपणीची नागीण, ही एकाच विषाणूची दोन नावे. दोघींसाठी आपण दोन वेगळी दैवते आणि दोन वेगळे उतारे शोधले, पण त्या एकच आहेत असे फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही. मुलांत कांजिण्या फिरत राहिल्या तर मोठ्यांची प्रतिकारशक्ती ताजी राहते आणि नागीण दबून राहते, असा एक तर्क होता. त्यासाठी ब्रिटनने कित्येक वर्षे मुलांना ही लस सरसकट दिली नाही. म्हणजे म्हाताऱ्यांसाठी पोरांनी फोड सोसायचे! अमेरिकेतला अनुभव पाहून ती भीती मावळली. २०२३ मध्ये त्यांच्या तज्ज्ञ समितीने शिफारस केली आणि २०२६ च्या जानेवारीपासून तिथे ही लस मुलांना फुकट देण्याचे ठरले. ज्यांचा दाखला आपले काही डॉक्टर देत असत, त्यांनीच मत बदलले आहे.

आता या लेखातून घ्यायचे काय? घरात विशी-तिशीच्या मुली असतील तर आधी त्यांच्या आईला विचारा, 'हिला कांजिण्या झाल्या होत्या काय?' आठवत नसेल तर लग्नाच्या यादीत शालू-दागिन्यांआधी डॉक्टरांची भेट लिहा. मोठ्यांनाही लस घेता येते, महिना-दीड महिन्याच्या अंतराने दोन डोस. मात्र गरोदरपणी ती घेता येत नाही, आणि घेतल्यावर निदान महिनाभर दिवस जाऊ देऊ नयेत. घरात गरोदर बाई असताना मुलाला लस दिलेली चालते. तिच्यासाठी तर ती द्यायचीच. कांजिण्या आल्याच तर कडुलिंब खुशाल बांधा, फोडणीही बंद ठेवा, पण मुलाला अ‍ॅस्पिरिन देऊ नका, त्याने यकृत आणि मेंदूवर जिवावर बेतणारा परिणाम होऊ शकतो. आणि मुलाला नुसता ताप असतानाच गरोदर बाईला चार दिवस दूर ठेवा. सासूबाईंचे वाक्य दोन दिवस आधी उच्चारायला शिका, एवढेच.

डॉक्टर मंडळींना एक विनंती. 'ऐच्छिक आहे, हवी तर द्या' असे म्हणून वही मिटू नका. 'सरकार अजून देऊ शकत नाही, पण माझे मूल असते तर मी दिली असती', किंवा 'दिली नसती', यातले जे खरे असेल ते सांगा. आईबाप विज्ञानाच्या पुस्तकावर निर्णय घेत नाहीत. ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्या एका वाक्यावर घेतात. ते वाक्य तुम्ही बोलला नाहीत तर माझ्यासारखा कोणी कारकून बोलून मोकळा होतो.

इस्पितळाचे बिल किती झाले ते बहिणीने मला कधी सांगितले नाही. मी विचारलेही नाही. पण तेवढ्यात माळमड्डीतल्या त्या गल्लीतल्या सगळ्या मुलांना दोन-दोन डोस झाले असते, एवढा हिशेब मला बसल्या जागी करता येतो.

धाकटीची मुलगी गेल्या वर्षी पंधरा महिन्यांची झाली. लस देऊन झाल्यावर धाकटीनेच मला फोन केला. तोवर ती माझ्याशी थोडकेच बोलायची, आणि का ते मला समजत होते. म्हणाली, "दादा, आज तिला कांजिण्यांची दिली. थोडी रडली. म्हटलं, तुम्हाला सांगावं."

मी म्हटले, बरे केलेस. त्याहून अधिक काही मला बोलता आले नाही.